कधी यायचं, विचारलंस म्हणून

तू विचारलंस, डोंगरावर यायला चांगला महिना कोणता.
फोनवर सगळेच विचारतात,
आणि मी सगळ्यांना जुलै सांगते.
जुलै म्हटलं की माणसं खूश होऊन फोन ठेवतात.

तू ठेवला नाहीस. म्हणालास, "आणि एरवी?"
म्हणून शेगडीतली राख ओढून, निवांत बसले आहे.

आम्हा किर्गिझांकडे महिन्यांना जनावरांची नावं होती.
माझी सासू तुर्सुनाय शेवटपर्यंत तीच धरून राहिली.
मार्च म्हणजे खोटं हरीण.
ऊन पडतं, छपरावरचा बर्फ ठिबकायला लागतो,
कोकरं वेड्यासारखी उधळतात,
आणि तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पांढरं.
माझा दीर अशाच एका खोट्या हरणामागे
चार मेंढ्या बघायला खिंडीपलीकडे गेला.
घोडा परत आला.

एप्रिल खरं हरीण. पण खऱ्याच्या पायाला चिखल फार.
पूल वाहून जातो,
मग मालगाडीच्या जुन्या डब्याचा सांगाडा आडवा टाकतात,
त्यावरून मेंढ्या जातात, पाहुण्यांना धीर होत नाही.

मेच्या शेवटी आम्ही वर चढतो.
तारीख विचारू नकोस, तारीख नसते.
माझा नवरा सागिनबेक कुरणापर्यंत एकटा जातो,
एक काडी उपटतो, चघळतो, थुंकतो.
"अजून नाही."
ज्या दिवशी तो थुंकत नाही,
त्या रात्री मी बुरणुसाच्या तंबूची गाठोडी बांधायला घेते.

जून रानमेंढ्याचा. फुलं हवी असतील तर तेव्हा,
पण पहाटे बादलीत बर्फाची पापडी धरते.
जुलै रानबोकडाचा, आणि तुम्हा लोकांचा.
आठ गाद्या, आठही भरलेल्या.
गेल्या साली एका बाईने
घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा घोट घेतला
आणि बराच वेळ नुसती डोंगराकडे बघत बसली.
मला वाटलं, आवडला डोंगर.

ऑगस्टात गवत कापायचं असतं, बोलायला सवड नसते.
सप्टेंबरात खाली उतरतो.
वर उरतात फक्त पिवळे गोल,
जिथे जिथे आम्ही झोपलो होतो.

पुढच्या महिन्यांना जनावरं पुरली नसावीत.
त्यांना नुसते आकडे आहेत: नऊ, सात, पाच, तीन, एक.
चंद्र कितव्या रात्री कृत्तिकांना भेटतो, त्याचा हिशेब.
सासू खिडकीची काच बोटाने पुसून मोजायची.
"एक आला की सुटलो," म्हणायची.
ती गेली तेव्हा तीन चालू होता.

तीन म्हणजे तुझा जानेवारी.
तेव्हा कुणी येत नाही, माझा तिलेक सोडून.
तो मॉस्कोत गोदामात पेट्या रचतो,
आणि त्याचा मुकादम गवत चघळून रजा देत नाही.
तो येतो, पिशव्या ठेवतो, अंगणात उभा राहतो,
वर बघतो. वर सगळं बंद.
सहा वर्षं झाली त्याला कुरण पाहून.
पाहुणे पाठवतात ते फोटो दाखवते मी त्याला.
त्यात तळं असतं, आभाळ असतं, पाहुणे असतात.
तो फोटो मोठा करकरून कोपऱ्यात शोधतो,
झऱ्यापाशी एक चपटा दगड आहे,
त्याला तो लहानपणी आपलं शिंगरू बांधायचा.
दगड कुणाच्याच फोटोत येत नाही.

तर, चांगला महिना जुलै.
येशील तेव्हा झऱ्यापर्यंत जा, तळ्याकडे पाठ कर,
आणि तो दगड तेवढा टिपून पाठव.

किंवा जानेवारीतच ये.
बघायला काही नाही, खरंच सांगते.
शेगडी तापलेली असते, तो रात्री उशिरापर्यंत बोलतो,
कुठल्या वळणावर घोडे बुजतात,
कुठलं पाणी दात आंबवतं.
तुझी गादी त्याचीच आहे, पण त्याचं काही नाही,
तो जमिनीवर झोपेल.

काय ते आधी कळव मात्र.
बर्फ पडायच्या आत पीठ आणून ठेवावं लागतं,
आणि पोती घ्यायच्या आधी
मला माणसं मोजावी लागतात.